लोयोलाचे पाच गडी

या पानावर एरवी गाण्याबजावण्याविषयी लिहिणाऱ्याने आज बास्केटबॉलच्या एका संघाविषयी, आणि तोही शिकागो शहरातल्या एका कॉलेजच्या संघाविषयी, लिहावयास घ्यावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. खेळाच्या बातम्यांना वर्तमानपत्रात वेगळी जागा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण कोणी कोणाशेजारी बसावे, कोणी कोणाची साथ करावी, कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, हे प्रश्न ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले त्या घरांतील माणसांना ही हकीकत परकी वाटू नये. दरबारात गवयाच्या तानेला वाहवा मिळे. पंगतीत त्याचे पान कोठे मांडावयाचे याचा मात्र आत खल चाले. अमेरिकेत १९६३ साली जे घडले ते याच जातीचे आहे, फक्त तानेच्या जागी चेंडू आहे.

लोयोला हे शिकागोतील जेझुइट पाद्र्यांचे विद्यापीठ. तेथील संघाचे टोपणनाव ‘रॅम्बलर्स’, म्हणजे भटके. १९६२-६३ च्या हंगामात हा संघ एकतीस सामने खेळला, त्यांतले दोन हरला आणि अखेरीस सगळ्या अमेरिकेतील कॉलेजांत अजिंक्य ठरला. एवढेच असते तर दरसाल कोणी ना कोणी अजिंक्य होतच असतो, म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. परंतु त्या काळी अमेरिकन कॉलेजांच्या खेळात एक नियम होता, आणि तो कोठेही लिहिलेला नव्हता. एका वेळी मैदानावर किती कृष्णवर्णी खेळाडू ठेवावयाचे याचा तो नियम. घरच्या मैदानावर दोन चालतील, परगावी एक, आणि संघ पिछाडीवर पडला तर फार तर तीन, असे लोक अर्धवट थट्टेने बोलत. लिहिलेला नियम मोडता येतो, त्याविरुद्ध दादही मागता येते. न लिहिलेल्या नियमाला हात कोठे घालावयाचा? आपल्याकडील रूढींचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको.

लोयोलाचे प्रशिक्षक जॉर्ज आयर्लंड यांनी हा संकेत सरळ बाजूला सारला. त्यांच्या पहिल्या पाचांत चौघे कृष्णवर्णी होते. जेरी हार्कनेस हा कप्तान आणि रॉन मिलर हे दोघे न्यूयॉर्कचे. लेस हंटर आणि व्हिक राऊस हे दोघे नॅशव्हिलच्या पर्ल हायस्कूलचे. ती शाळा फक्त कृष्णवर्णी मुलांची. पाचवा जॉन ईगन, शिकागोचाच गोरा मुलगा. हार्कनेस हार्लेममधील वाय. एम. सी. ए. च्या आखाड्यात खेळत असता जॅकी रॉबिन्सन यांनी, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत ज्यांनी १९४७ साली ओलांडली त्यांनी, त्याला पाहिले आणि या खेळावर तुला कॉलेजात जाता येईल असे सांगितले. त्याच्या मनाने तोवर कॉलेजचा विचारही केला नव्हता. त्याच हंगामात, १९६२ च्या डिसेंबरात, वायोमिंगविरुद्धच्या सामन्यात आयर्लंड यांनी एकाच वेळी पाचही कृष्णवर्णी खेळाडू मैदानात उतरविले. मोठ्या विद्यापीठांच्या खेळात असे पूर्वी झाले नव्हते.

आयर्लंड यांना समाजसुधारक ठरविण्याची मला घाई नाही. ते हट्टी गृहस्थ होते, जिंकण्याची त्यांना दांडगी भूक होती आणि दुबळ्या संघाला चिरडताना ते हात आखडता घेत नसत. चांगला खेळाडू जेथे मिळेल तेथून त्यांनी आणला, एवढेच कदाचित खरे असेल. पण मला वाटते, कलेच्या प्रांतात पुष्कळदा सुधारणा अशीच येते. उत्तम साथीदार पाहिजे असतो, तो कोणत्या आळीतला हे मग विचारावयाचे सुचत नाही.

या चौघांचा प्रवास सुखाचा नव्हता. न्यू ऑर्लिन्सला संघ गेला तेव्हा कृष्णवर्णी खेळाडूंना आपल्या सोबत्यांच्या हॉटेलात जागा नव्हती. त्यांची उतरण्याची सोय कृष्णवर्णी कुटुंबांच्या घरी करावी लागली आणि त्यांची गाडीही वेगळी. ह्यूस्टनला प्रेक्षकांनी शिव्यांची लाखोली वाहिली आणि हाताला लागेल ते अंगावर फेकले. हे वाचून आपण अमेरिकेला नावे ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे. आपल्याच बडोद्यात १९१७ साली, याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून नोकरीसाठी परतलेल्या डॉ. आंबेडकरांना राहावयास जागा मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले आणि ते कमाटी बागेत एका झाडाखाली येऊन बसले. ते झाड कोठले हे येथील शाळकरी मुलेही सांगतात.

आता खेळाविषयी थोडे. त्या वेळच्या कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असत. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण नव्हते; जवळून टाका की लांबून, दोनच. आणि मुख्य म्हणजे अमुक सेकंदांत चेंडू जाळीत फेकलाच पाहिजे असे बंधन नव्हते. ते पुरुषांच्या कॉलेज सामन्यांत सरसकट १९८५ नंतर आले. त्यामुळे एखाद्या संघाला पाहिजे तर चेंडू आपल्यातच फिरवीत, वेळ काढीत बसता येई. काही प्रशिक्षकांना ही विलंबित लय फार प्रिय होती. लोयोलाचे त्याच्या उलट. प्रतिपक्षाने चेंडू हातात घेतला की हे पाचही जण मैदानभर त्याच्या अंगावर चालून जात, चेंडू हिसकावीत आणि धावत सुटत. द्रुत लय, तीही चढती. सामन्यामागे नव्वदीच्या वर सरासरी गुण त्यांनी त्या हंगामात केले आणि देशात त्या बाबतीत ते पहिले होते.

मात्र हंगामाच्या मध्यावर दोन राखीव खेळाडू अभ्यासात मागे पडून संघाबाहेर गेले. तेव्हापासून भार बहुतेक या पाचांवरच पडला. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी टेनेसी टेकचा १११-४२ असा फडशा पाडला. एकोणसत्तर गुणांचा हा फरक त्या स्पर्धेत आजवर कोणी ओलांडलेला नाही. मला अशा विजयात गोडी वाटत नाही. दुसरा बाजूला तोलाचा नसेल तर जुगलबंदी कसली?

तोलाचा प्रतिस्पर्धी पुढच्या फेरीत होता, पण तो येणार की नाही हेच कोणाला सांगता येत नव्हते.

मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ हा दक्षिणेतील मातब्बर संघ. प्रशिक्षक बेब मॅकार्थी. आपल्या विभागाचे अजिंक्यपद किंवा त्यातील वाटा या संघाने १९५९, १९६१ आणि १९६२ साली मिळविला होता, आणि तिन्ही वेळा राष्ट्रीय स्पर्धेचे आमंत्रण नाकारून मुले घरी बसली होती. कारण राज्याचा दंडक असा की मिसिसिपीच्या गोऱ्या मुलांनी कृष्णवर्णी खेळाडूंच्या बरोबर किंवा विरुद्ध खेळावयाचे नाही. हाही दंडक कायद्याच्या पुस्तकात नव्हता. पण विधिमंडळाच्या हाती विद्यापीठाच्या पैशाची दोरी, मग कायदा हवा कशाला? १९५९ सालचा त्यांचा संघ तर पंचवीसपैकी चोवीस सामने जिंकलेला होता. बेली हॉवेल हा त्यांतला खेळाडू पुढे व्यावसायिक खेळात मोठा गाजला. परंतु देशातील उत्तमांत आपला संघ कोठे बसतो हे पाहण्याची संधी त्या मुलांना मिळाली नाही ती नाहीच. विटाळाच्या भीतीने दुसऱ्याला दाराबाहेर ठेवणारा आपणही घरात कोंडला जातो, याचा इतका स्वच्छ हिशेब क्वचितच पाहावयास मिळतो.

१९६३ साली संघ पुन्हा विभागात अव्वल आला. हवा फार तापलेली होती. आदल्याच शरदात मिसिसिपी राज्याच्या दुसऱ्या विद्यापीठात, ऑक्सफर्ड गावी, जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णी विद्यार्थ्याच्या प्रवेशावरून दंगल उसळून दोन माणसे प्राणास मुकली होती. अशा वेळी मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कॉलव्हार्ड यांनी २ मार्च रोजी जाहीर केले की, वरून कोणी अडविले नाही तर आमचा संघ स्पर्धेस जाईल. हे गृहस्थ शेतकी शास्त्राचे, नॉर्थ कॅरोलायनाचे. आरडाओरडा करण्याचा त्यांचा पिंड नव्हे. गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी नापसंती दर्शविली. एका दैनिकाने लोयोलाच्या खेळाडूंचे छायाचित्र छापले, म्हणजे आपली मुले कोणासमोर उभी राहणार हे वाचकांनी डोळ्यांनी पाहावे. तरी विद्यापीठांच्या नियामक मंडळाने कॉलव्हार्ड यांचा निर्णय उचलून धरला, आणि विद्यार्थी व पुष्कळसे सामान्य प्रेक्षक खेळण्याच्या बाजूचे होते, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. मुलांना तर खेळावयाचेच होते.

१३ मार्चला बिली मिट्स नावाच्या सिनेटरने आणि त्याच्या एका जोडीदाराने न्यायालयातून संघाविरुद्ध मनाईहुकूम मिळविला. हे मिट्स त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी! हुकूम बजावला गेला की सगळे संपले; पण हुकूम बजावावयाचा तर माणूस राज्यात सापडावयास हवा. कॉलव्हार्ड एका व्याख्यानाच्या निमित्ताने शेजारच्या अलाबामा राज्यात निघून गेले. मॅकार्थी आणि क्रीडाविभागाचे प्रमुख रात्रीच मोटारीने टेनेसी राज्यातील मेम्फिस गाठते झाले. उरली मुले. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठविण्यात आले. त्यांना कोणी धरले तर मुख्य खेळाडू दुसऱ्या वाटेने निसटावयाचे, असा बेत होता. आग्र्याहून सुटकेची गोष्ट ज्यांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे त्यांना पेटारे आठवल्यावाचून राहणार नाहीत. पण विमानतळावर अडवावयास कोणी आलेच नाही. मग मुख्य खेळाडूंनाही बोलावून घेतले आणि सगळे एकत्र विमानात बसून नॅशव्हिलला पोहोचले. तेथे मॅकार्थी भेटले. त्याच दिवशी वरिष्ठ न्यायालयाने मनाईहुकुमाला स्थगितीही दिली.

१५ मार्च १९६३, शुक्रवार. स्थळ मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग. बारा हजारांच्या आसपास प्रेक्षक. सामन्याच्या आरंभी दोन्ही कप्तान मैदानाच्या मधोमध आले. लोयोलाचा जेरी हार्कनेस, ज्याला त्या दिवसांत कू क्लक्स क्लॅनची धमकीची पत्रे येत होती, आणि मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड. दोघांनी हात मिळविले आणि छायाचित्रकारांच्या दिव्यांचा असा लखलखाट झाला की हार्कनेस चमकला. आपण एक सामना खेळावयास आलो आहोत याहून काही अधिक येथे चालले आहे, हे त्या उजेडात आपल्याला समजले, असे तो पुढे आयुष्यभर सांगत असे.

छायाचित्र साधेच आहे. दोन तरुण, दोघांच्या अंगांत बनियनी, हात हातात. एका समाजाच्या इतक्या वर्षांच्या खटपटी, दंडक, न्यायालये, सिनेटर, हे सगळे एवढे टाळण्यासाठी होते हे पाहून हसू येते. पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

सामना नेटाने झाला. मिसिसिपी स्टेटने पहिले सात गुण घेतले तेव्हा लोयोलाला एकही मिळाला नव्हता. त्यांनी जाणूनबुजून लय उतरविली होती. लोयोलाला धावू द्यावयाचे नाही, हा डाव. शंभर गुणांची सवय असलेल्या संघाला त्या रात्री एकसष्टांवर थांबावे लागले. पण एक्कावन्नच्या वर स्टेटलाही जाता आले नाही. हार्कनेसने वीस गुण केले. स्टेटचा उत्तम खेळाडू लेलंड मिचेल पाच अपराध भरून बाहेर गेला आणि तेथून सामन्याचे पारडे फिरले नाही. मारामारी नाही, शिवीगाळ नाही. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी पुढे एकच सांगितले, की तो स्वच्छ, कसून खेळलेला सामना होता. स्टेटची मुले दुसऱ्या दिवशी कृष्णवर्णी खेळाडू असलेल्या आणखी एका संघाशी खेळली आणि जिंकून घरी परतली. घरी कोणी त्यांना बेड्या घातल्या नाहीत. आभाळही कोसळले नाही.

लोयोलाने पुढे इलिनॉय आणि मग ड्यूक यांना हरविले. २३ मार्चला लुइव्हिल येथे, एकोणीस हजारांवर प्रेक्षकांसमोर, अंतिम सामना सिनसिनाटीशी. सिनसिनाटी आधीची लागोपाठ दोन वर्षे अजिंक्य होते. त्यांच्या पहिल्या पाचांतही तिघे कृष्णवर्णी, म्हणजे मैदानातील दहांपैकी सातजण. तो न लिहिलेला नियम त्या रात्री कोणाच्या स्मरणात राहिला असेल तर नवल. विलंबित लयीचे ते दर्दी. चेंडू सांभाळून, घाई न करता, प्रतिपक्षाचा जीव मेटाकुटीस आणून खेळावयाचे. आणि लोयोलाचा त्या रात्री सूरच लागेना. पहिल्या चौदा फेकींपैकी तेरा फुकट. मध्यंतराला २९-२१. उत्तरार्धात ४५-३० अशी पिछाडी. चेंडू अडवून ठेवता येण्याच्या त्या दिवसांत पंधरा गुणांचे अंतर म्हणजे सामना संपल्यातच जमा.

येथे सिनसिनाटीने एक गोष्ट केली, ती मला समजते पण पटत नाही. त्यांच्या काही प्रमुख खेळाडूंच्या नावावर चार-चार अपराध झाले होते. पाचव्याला बाहेर जावे लागते. म्हणून त्यांनी चढाई सोडून नुसता चेंडू फिरवीत वेळ काढावयास आरंभ केला. जमलेली मैफल संपेपर्यंत कशीबशी धरून ठेवू, असे म्हणणाऱ्या गवयाचे जे होते तेच त्यांचे झाले. लय हातची गेली. लोयोलाच्या पाचांनी पुन्हा मैदानभर चढाई आरंभली, चेंडू हिसकावले जाऊ लागले. सबंध सामन्यात सिनसिनाटीने सोळा वेळा चेंडू गमावला, लोयोलाने अवघा तीन वेळा. हार्कनेसला तोवर मैदानातून एकही फेक साधली नव्हती. शेवटच्या पाच मिनिटांत ती साधली.

बारा सेकंद उरले असता सिनसिनाटीच्या लॅरी शिंगलटनला दोन मोकळ्या फेकी मिळाल्या. पुढे असलेल्या संघाला सामना संपविण्यास दोन्ही पुरे होत्या. पहिली जाळीत: ५४-५२. दुसरी कड्यावर आपटून परतली. हंटरने ती उचलली, मिलरकडून हार्कनेसकडे आली, आणि चार-पाच सेकंद उरले असता ५४-५४. पाच मिनिटांचा जादा डाव. तोही अखेरपर्यंत बरोबरीत. ५८-५८ असताना पंचांनी ईगन आणि शिंगलटन या दोन बुटक्या गड्यांमध्ये चेंडू उडविला. तो ईगनने लोयोलाकडे वळविला. आता वेळ काढण्याची पाळी लोयोलाची. शेवटच्या सेकंदांत हार्कनेस उडाला, पण फेकीस वाट नव्हती. त्याने चेंडू हंटरकडे दिला. हंटरची फेक कड्याला लागून बाहेर आली आणि राऊसने ती दोन्ही हातांनी परत आत घातली. ६०-५८.

चौऱ्याऐंशी फेकींपैकी तेवीसच साधून अजिंक्यपद मिळविणारा संघ सहसा सापडावयाचा नाही. पण मला खरा विस्मय वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या पंचेचाळीस मिनिटांत आयर्लंड यांनी एकही खेळाडू बदलला नाही. जे पाच उतरले तेच पाच शेवटी मैदानावर होते: हार्कनेस, हंटर, राऊस, मिलर, ईगन. रात्रभर एकाच संचाने गाणे रंगविणे काय असते, हातांतून प्राण जातो, तबलजीची बोटे सुजतात, तरी समेवर सगळे एकत्र येतातच, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या पंचेचाळीस मिनिटांचा अर्थ मी आणखी काय सांगू?

एका सामन्याने मिसिसिपी बदलले असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. त्याच वर्षीच्या १२ जूनला, म्हणजे तीन महिन्यांच्या आतच, जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याला त्याच्या घराच्या दारात गोळी घालून मारण्यात आले. मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णी विद्यार्थी १९६५ साली आला. मात्र तो आला तेव्हा ऑक्सफर्डसारखी दंगल तेथे झाली नाही. त्या सामन्याशी याचा संबंध जोडणारे जोडतात; मी इतकेच म्हणेन की, आमंत्रण नाकारून घरी बसण्याची वेळ त्या विद्यापीठाच्या मुलांवर पुन्हा आली नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, दोन्ही विद्यापीठांचे संघ शिकागोत पुन्हा एकमेकांशी खेळले. जुलै २०१३ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी लोयोलाच्या हयात खेळाडूंना व्हाइट हाऊसमध्ये बोलाविले. राऊस तोवर नव्हता. तो १९९९ सालीच गेला होता. हार्कनेस २०२१ च्या ऑगस्टमध्ये निवर्तला. त्याची आणि जो डॅन गोल्डची उतारवयात चांगली मैत्री जमली होती. २०११ साली गोल्ड वारला तेव्हा हार्कनेस अंत्यविधीला गेला. शवपेटीजवळ कुटुंबीयांनी गोल्डच्या आयुष्यातली काही छायाचित्रे मांडून ठेवली होती, आणि त्यांत ईस्ट लॅन्सिंगचे ते हस्तांदोलनाचे छायाचित्र होते.